नवीन कॅल्केरियस स्पंजाचं वर्णन: स्पिक्युलं, वंश आणि होलोटाइप

करवीर_झू (कोल्हापूर):
मालवणच्या कातळावर ओहोटीला उघड्या पडणाऱ्या दगडांखाली जाळीदार, पिवळट कॅल्केरियस (चुन्याच्या सांगाड्याचा) स्पंज मिळालाय. नमुना ९६% अल्कोहोलमध्ये आहे. स्पिक्युलं (सांगाड्याच्या सूक्ष्म सुया) बहुतेक तीन शाखांची, सारख्या कोनांची. चार शाखांचं एखादंच. वंश क्लॅथ्रिना म्हणून लिहू का? सिलिकाच्या स्पंजांना वापरतात तसं नायट्रिक ॲसिड चालेल का? आणि नवी प्रजाती म्हणायला काय काय लागतं?

काचपट्टी:
ॲसिड अजिबात नको! ही स्पिक्युलं कॅल्साइटची (कॅल्शियम कार्बोनेटची), ॲसिडात विरघळून जातील. फॉर्मेलिनही बफर न केलेलं (आम्लता स्थिर न ठेवलेलं) असेल तर हळूहळू आम्लधर्मी होतं आणि टोकं खातं. अल्कोहोलमध्ये ठेवलंत ते बरं केलंत.

तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा छोट्या नळीत घ्या, सोडियम हायपोक्लोराइट (ब्लीच) ओता. ऊती विरघळून तळाशी पांढरा गाळ उरला की थांबा. स्पिक्युलं खाली बसू द्या, वरचं पाणी पिपेटने हलकेच काढा. डिस्टिल्ड वॉटरने चार-पाच वेळा, मग अल्कोहोलने दोनदा धुवा. धुणं कमी पडलं तर काचेवर मिठाचे खडे दिसतात. मात्र डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर ठेवू नका, ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होतं. सेंट्रिफ्यूज जोरात फिरवलं तर शाखा तुटतात.

डीपीएक्स (स्लाइड कायमची करायचा चिकट द्रव) लावण्याआधी स्लाइड पूर्ण वाळू द्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात वरून कोरडी दिसते, पण ओल राहिली की डीपीएक्स दुधाळ होतं. गरम प्लेटवर वाळवा.

प्रत्येक प्रकारची किमान २०-३० स्पिक्युलं मोजा: शाखेची लांबी टोकापासून मध्यापर्यंत, रुंदी बुडाशी. तुटकी धरू नका. किमान, सरासरी, कमाल आणि प्रमाण विचलन द्या. शाखा शंकूसारखी की दंडगोल, टोक अणकुचीदार की बोथट, हेही लिहा. बऱ्याचदा इथेच दोन प्रजाती वेगळ्या पडतात. आणि ब्लीच न केलेल्या तुकड्याचे पातळ छेद घ्या, नाहीतर सांगाड्याची मांडणी कळणार नाही.

जाळीदार:
लगेच क्लॅथ्रिना लिहू नका. २०१३ मध्ये या गटाची डीएनएवरून फेरमांडणी झाली. तीन शाखांच्यांबरोबर चार शाखांची मोजकीच असतील तर आर्थुरिया वंश बघा. तितकीच किंवा जास्त असतील तर एर्न्स्टिया. चौथ्या शाखेवर काटे दिसले तर बोरोजेविया. म्हणून ती ‘एखादंच’ म्हणालात ती नीट मोजा, आणि नमुन्याच्या वेगवेगळ्या भागांतून.

डीएनएसाठी सीओआय (प्राणी ओळखायला नेहमी वापरतात तो मायटोकॉन्ड्रियल जनुक) घेऊ नका. कॅल्केरियाचा (कॅल्केरियस स्पंजांच्या वर्गाचा) मायटोकॉन्ड्रियल जीनोम फार वेगळा आहे, नेहमीचे प्रायमर (हवा तो डीएनए भाग पकडणारे छोटे तुकडे) चालत नाहीत. आयटीएस आणि २८एसचा सी-भाग (रायबोसोमच्या जनुकांच्या पट्ट्यातले भाग) घ्या. पिवळा रंग अल्कोहोलमध्ये उडतो, त्यामुळे जिवंतपणीचा फोटो लेखात हवाच.

तुलना जगभरातल्या त्याच वंशातल्या प्रजातींशी करायची, फक्त भारतातल्यांशी नाही. वर्ल्ड पोरिफेरा डेटाबेसवरून वैध नावं काढा, मूळ वर्णनं मिळवा. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ हेकेलची १८७२ ची नावं वगळू नका. जुनं नाव नजरेतून सुटलं की ‘नवी प्रजाती’ नंतर समानार्थी (जुन्याच प्रजातीचं दुसरं नाव) ठरते.

करवीर_झू:
नमुना एकच आहे. पुरेल?

नामकरण_नियम:
नियमाने पुरतो. होलोटाइप (नावाचा आधार म्हणून नेमलेला नमुना) एकच असतो, पण तो कोणता आणि कुठल्या संग्रहात आहे हे लेखात स्पष्ट लिहायलाच हवं. नाव ‘नवी प्रजाती’ म्हणून मांडलंय हेही. नियतकालिक फक्त ऑनलाइन असेल तर आधी झूबँकमध्ये (प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची अधिकृत ऑनलाइन नोंदवही) नोंदणी आणि त्याचा पुरावा लेखातच.

तरीही माझ्या मते त्याच जागेवरून अजून दोन-तीन नमुने मिळवा. एकाच नमुन्यात फरक प्रजातीचा की वयाचा, हे सांगता येत नाही. फक्त परवानगी पुन्हा तपासा: २००१ मध्ये सगळे कॅल्केरियन स्पंज वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आले, शिवाय मालवणला सागरी अभयारण्य आहे.

जैवविविधता कायदा २००२, कलम ३९ प्रमाणे नव्या प्रजातीची माहिती आणि नमुना अधिकृत संग्रहाकडे द्यावा लागतो. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया त्यासाठी आहे, गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थाही. लेख पाठवण्याआधीच त्यांच्याकडून नोंदणी क्रमांक घ्या. बरणीत आत कागदी चिठ्ठी टाका, पेन्सिलने लिहिलेली. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये पसरते.