महाळुंगाचं करायचं काय?

तासगावजवळ आमच्या रानात विहिरीकडेला आजोबांनी लावलेलं महाळुंग (लिंबाच्या जातीचं झाड) आहे, यंदा फळं अशी लगडलीत की फांद्या जमिनीला टेकल्यात, एकेक फळ किलोभर, पण कापलं की नुसती पांढरी गादी, रस दोन चमचे पण निघंना. ह्याचं करतात काय? आणि फांदी लावून रोप होतं का?

मिरजेची सून: अहो रसासाठी नाहीच ते, सालीसाठी असतं! लोणचं घाला. पांढऱ्या गरासकट बारीक फोडी करा, मीठ लावून बरणीत ठेवा, रोज हलवा, साल मऊ पडली की गूळ, तिखट, मेथी. बिया मात्र एकूण एक काढा, कडू लागतात. मुरांबा पण होतो पण फोडी आधी उकळून पाणी फेकायचं, मी एकदा कंटाळा केला आणि ती बरणी म्हशीनं पण हुंगली नाही 😄

कृष्णाकाठचा: फांदीचं होतं की. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर घ्या, पावसाळ्याच्या तोंडाला पिशवीत खोचा. बुंध्यात पाणी साचलं की साल कुजून डिंक गळतो, झाडच जातं. कोवळ्या पानावर पाखराच्या शिटेसारखी अळी दिसली तर हातानं वेचा, ती लिंबावरच्या फुलपाखराची. बाकी कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात हेच फळ आहे, मातुलिंग, माहितीय ना?

प्रश्नकर्ता: आईला वाचून दाखवलं, बरणी धुवून उन्हात पण ठेवली तिनं. अंबाबाईचं ऐकल्यावर दोन फळं बाजूला काढलीत, त्यांना हात लावायचा नाही म्हणं.