इंदूर: वॉर्डात मत पक्षाला द्यावं की माणसाला?

मुक्ता_इंदूर
नमस्कार मंडळी. २०२७ ला निगमची, म्हणजे महानगरपालिकेची, निवडणूक येईल तेव्हा माझा मुलगा पहिल्यांदा मत देईल. परवा जेवताना पार्षदाचा, म्हणजे नगरसेवकाचा, विषय निघाला तर म्हणाला, "आई, पार्षदाला पक्ष कशाला लागतो? चेंबर काय पक्ष बघून तुंबतं?" मला उत्तर सुचलं नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतलं चेंबर उफाळलं तेव्हा पार्षद स्वतः येऊन उभे राहिले होते, निगमच्या सफाई दरोग्याने माणसंही पाठवली. पण लाइनच जुनी आहे, ती बदलायची तर मंजुरी वरून लागते.

त्यात सासऱ्यांचं दुःख वेगळंच. आयुष्यभर पंजाला मत दिलेला माणूस. २०२४ च्या लोकसभेला आपल्याकडच्या काँग्रेस उमेदवाराने २९ एप्रिलला, शेवटच्या दिवशी, अर्जच मागे घेतला. १३ मे ला सासरे काठी टेकत बूथवर गेले. मशीनवर पंजा नव्हता, नोटा दाबून आले. इंदुरात तेव्हा नोटाला २,१८,६७४ मतं पडली. त्या दुपारी ते जेवले नाहीत. आता मुलाला मी कुठल्या तोंडाने सांगू, पक्षावर विश्वास ठेव म्हणून?

जुना_लेखापाल
ताई, मुलाला सांगा, पार्षद एकटा फार थोडं करू शकतो. आपल्याकडे महापौर थेट लोकांतून येतो आणि महापौर परिषद, म्हणजे त्याचं मंत्रिमंडळच म्हणा, तो पार्षदांमधूनच नेमतो. सभागृह ८५ जणांचं. २०२२ ला भाजपचे ६४, काँग्रेसचे १९ आणि अपक्ष दोन निवडून आले. अपक्ष कितीही भला असला तरी बजेटवर मतदान आलं की त्याच्यामागे हात कोण वर करणार? तुमच्या लाइनीचे पैसे तिथेच ठरतात.

आणि नर्मदेचं पाणी आठवा. १९७० ला इंदूरकर त्यासाठी रस्त्यावर उतरले, नर्मदाकाठच्या जलूदहून पाणी आलं ते १९७८ ला. आंदोलन इथलं, पण निर्णय भोपाळचा. वॉर्डापासून भोपाळपर्यंत गाऱ्हाणं नेणारी साखळी पक्षाचीच असते. सुमित्राताई महाजनच बघा. आधी निगममध्ये उपमहापौर, मग १९८९ पासून सलग आठ वेळा खासदार आणि २०१४ ला लोकसभेच्या अध्यक्ष. नाली-पाण्याच्या प्रश्नांतून तिथवर पोचायला पक्षाचाच जिना लागला.

देपालपूरकर
आमच्या गावात पक्षाशिवायचा प्रयोग रोज पाहतो. मध्य प्रदेशात पंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, सरपंचापासून जिल्हा पंचायतीपर्यंत. तरी कोण कुणाचा ते पोराटोरांना ठाऊक असतं. फरक एवढाच की काम बिघडलं तर पक्ष म्हणतो, हा आमचा नव्हेच. चिन्ह असतं तर निदान धरायला पदर असता.

स्नेहलतागंजकर
काका, साखळी मान्य, पण ती तुटते तेव्हा मतदाराने काय करायचं? पक्षांतरबंदीची, राज्यघटनेतली दहावी अनुसूची १९८५ ला आली, तीही आमदार-खासदारांपुरती. आणि आमदारांचंसुद्धा काय झालं? मार्च २०२० मध्ये काँग्रेसच्या २२ आमदारांनी राजीनामे दिले आणि कमलनाथ सरकार गेलं. राजीनामा दिला की पक्षांतरबंदी आडवी येत नाही. मुक्ताताईंच्या सासऱ्यांची व्यथा याच जातीची आहे, तिथे उमेदवार मतदानाआधीच गेला. इथे मत चिन्हाला दिलं आणि चिन्हावर निवडून आलेला निघून गेला. माझं स्पष्ट मत, वॉर्डात माणूस बघा, तिथे तो रोज दिसतो. पक्षाचा हिशेब भोपाळ-दिल्लीच्या मतदानाला मांडा.

जुना_लेखापाल
एक राहिलं. महापौराचं मत वेगळं आणि पार्षदाचं वेगळं. दोन्ही एकाच पक्षाला द्यावीत असं कुठे लिहिलेलं नाही. मुलाला हे नक्की सांगा, पुष्कळांना माहीत नसतं.

मुक्ता_इंदूर
सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. सासरे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दारात येईल त्याला एवढंच विचार, पाच वर्षं याच पक्षात राहशील का, आणि नाही राहिलास तर पुन्हा आमच्याकडे मत मागायला येशील का." मुलाने ते वहीत उतरवून घेतलं. त्याखाली त्याने स्वतःचा एक प्रश्न लिहिलाय: आमच्या गल्लीची लाइन बजेटमध्ये आहे का?

काका, बजेटची बैठक असते तेव्हा साध्या माणसाला आत बसून ऐकता येतं का? येत असेल तर या वेळी आम्ही दोघं जाऊ.