'मारोर' म्हणजे नेमकी कोणती वनस्पती?

प्रश्न : बायबलमधील निर्गम १२:८ मध्ये वल्हांडणाच्या (मिसरातील गुलामगिरीतून झालेल्या सुटकेच्या यहुदी सणाच्या) रात्री कोकराचे मांस बेखमीर भाकरी आणि 'कडू भाजी' यांच्यासह खावे, अशी आज्ञा आहे. मूळ हिब्रूत येथे 'मेरोरिम' ('मारोर'चे अनेकवचन) हा शब्द आहे. हे एका ठरावीक वनस्पतीचे नाव आहे का? सेदरच्या (वल्हांडणाच्या रात्रीच्या विधिवत भोजनाच्या) ताटात पुष्कळ घरी हॉर्सरॅडिश या मोहरीच्या कुळातल्या वनस्पतीचे किसलेले मूळ असते, ते 'भाजी' कसे ठरते?

प्रतिसाद १ : 'मेरोरिम' हे अनेकवचन असून त्याचा शब्दशः अर्थ 'कडू वस्तू' एवढाच होतो; 'भाजी' ही भाषांतरकारांनी संदर्भावरून घातलेली भर आहे. विलापगीत ३:१५ मध्ये हाच शब्द दुःखासाठी येतो. निर्गम १:१४ मध्ये मिसरी लोकांनी इस्राएलांचे जिणे 'कडू केले' असे म्हणताना वापरलेले क्रियापदही त्याच म-र-र धातूचे आहे, त्यामुळे हिब्रू वाचणाऱ्याला ताटातली चव आणि गुलामगिरीची आठवण एकाच शब्दात ऐकू येते.

प्रतिसाद २ : वनस्पती कोणती, हे मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या प्राचीन संग्रहाने ठरवले. त्यातल्या पसाखीम या वल्हांडणावरील भागात (२:६) खझेरेत, ओल्शिन, तमखा, हरखविना आणि मारोर अशी पाच नावे आहेत. म्हणजे 'मारोर' हे सगळ्या वर्गाचेही नाव आणि त्यातल्या एका वनस्पतीचेही! मिश्नावरील चर्चेचा ग्रंथ असलेल्या तालमूदने खझेरेतला पहिली पसंती दिली आणि ती म्हणजे 'खसा', अर्थात लेट्यूस, असे सांगितले. लेट्यूस आरंभी मऊ असतो आणि जून झाल्यावर कठीण होतो. मिसरी लोकांचे वागणेही तसेच होते, असा त्यामागचा दृष्टान्त आहे. युरोपच्या थंड भागांत पेसाखच्या (वल्हांडणाच्या) सुमारास ताजा पाला मिळणे अवघड असल्याने तेथील, म्हणजे अश्केनाझी म्हटल्या जाणाऱ्या, यहुद्यांत हॉर्सरॅडिश रूढ झाले आणि त्याला 'तमखा' मानण्यात आले. आधुनिक हिब्रूत मात्र 'खझेरेत' म्हणजेच हॉर्सरॅडिश, त्यामुळे आजचा अर्थ मनात ठेवून मिश्ना वाचणारा हमखास फसतो.

प्रतिसाद ३ : यात मराठी वाचकाला एक गोष्ट चटकन खटकावी. हॉर्सरॅडिश कडू नसते, ते तिखट असते. नाकात झिणझिण्या आणणाऱ्या त्या चवीला आपण कधीच कडू म्हणणार नाही. केवळ धातूचा अर्थ पाहिला, तर जून लेट्यूसच्या देठातला कडवट चीकच मला त्याच्या अधिक जवळचा वाटतो. त्याच मिश्नात मारोर लोणच्यासारखे मुरवलेले किंवा शिजवलेले चालत नाही, असेही बजावले आहे.