शेडनेटमध्ये टोमॅटो-वांग्याला फुलं भरपूर, फळ नाही. भुंगे हवेत का?

हिरवाफाटा: फुलं चार-पाच दिवसांत देठाशी पिवळी पडून गळतात. मधमाश्यांची पेटी आत ठेवली तर चालेल का? शिवाय ‘भुंग्याचा बंदोबस्त करा’ असंही जिकडेतिकडे वाचायला मिळतं. मग भुंगा ठेवायचा की मारायचा?

परागवेडा: पेटीचा इथे फारसा उपयोग नाही. या फुलांत मध नसतो आणि पराग नळीसारख्या परागकोशांत कोंडलेले असतात, ते टोकाकडूनच बाहेर पडतात. भुंगा फुलाला खालून लटकतो, जबड्याने परागकोश धरतो आणि पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवतो. नेहमीची गुणगुण त्या क्षणी एकदम चढ्या सुरात जाते आणि पिवळी भुकटी त्याच्या पोटावर सांडते. मधमाशीला ही थरथर जमत नाही.

भुंगे येत नसतील तर बॅटरीवरचा टूथब्रश वापरा. उमललेल्या फुलाच्या देठाला मागून २-३ सेकंद टेकवायचा. पाकळ्यांना किंवा मधल्या कुक्षीला (पराग जिथे चिकटतात ते टोक) लावू नका, ती दुखावते. वेळ सकाळी १० ते दुपारी २, दर दोन दिवसांनी. फुलाखाली काळा कागद धरून बघा, पिवळी धूळ पडली तर काम झालं. हवा फार दमट असली की परागाच्या गुठळ्या होतात, म्हणून आधी बाजूचे पडदे उघडा. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर जात असेल तर मात्र परागच निकामी होतात, मग ब्रश काय नि भुंगा काय!

वांगेप्रेमी: वांग्याची सगळी गळ परागीभवनाच्या माथी मारू नका. कुक्षी परागकोशांच्या बाहेर डोकावत असेल तर फळ धरतं. आत बुटकी राहिलेली फुलं बहुधा गळणारच.

काष्ठभ्रमर: राहिला मारायचा प्रश्न. औषधांच्या सल्ल्यातला गेंड्या भुंगा किंवा सोंड्या भुंगा म्हणजे कठीण कवचाचा कीटक, पिकाचा शत्रू. तुमच्या कामाचा भुंगा मधमाशीच्या कुळातला. काळा, पोट तुळतुळीत चकचकीत, कोरड्या लाकडात बोटभर रुंदीचं गोल भोक पाडणारा. ज्ञानेश्वरीत कोरडं लाकूड भेदणारा भ्रमर येतो तो हाच. थंड प्रदेशातली बंबलबी ही वेगळी माशी, तिचं पोटही केसाळ असतं आणि ती बहुधा जमिनीतल्या जुन्या बिळात घर करते. आपल्या काळ्या भुंग्याच्या नराला नांगी नसते, मादीही हातात धरल्याशिवाय सहसा डसत नाही.

हिरवाफाटा: पण तो मांडवाचे वासे पोखरतो, त्याचं काय?

काष्ठभ्रमर: तो लाकूड खात नाही, फक्त अंड्यांसाठी बोगदा करतो. वाशांना तेलरंग द्या. राहतं भोक बुजवू नका, आत पिल्लं असतात. जवळच सावलीत सुक्या बांबूचे वीतभर तुकडे आडवे बांधा, पोकळी दीड सेंटीमीटरच्या आसपास, एका टोकाची गाठ शाबूत, म्हणजे ते टोक बंद. आणि जाळीला दिवसा एक बाजू उघडी ठेवा, नाहीतर बाहेरचा भुंगा फुलापर्यंत पोचणार कसा?