मोबाइलमध्ये बुडालेल्या आईबापांवर कायद्याने जबाबदारी टाकावी का?

धागा : बालवाडी शिक्षिका
माझ्या वर्गात साडेतीन वर्षांचा एक मुलगा आहे. काही सांगायचं असलं की आधी माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवतो, मग बोलतो. घरी त्याला असंच करावं लागतं. आईबाबा दोघंही रील्समध्ये. मारहाण नाही, डबा वेळेवर, फी वेळेवर. त्यामुळे कुणाला काही वावगं दिसत नाही.
बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ नुसार मुलाला मानसिक यातना होतील असं जाणूनबुजून दुर्लक्ष करणं गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख दंड किंवा दोन्ही. मग हे दुर्लक्ष त्यात का धरू नये? इंग्लंडने २०१५ मध्येच त्यांच्या मुलांविषयीच्या १९३३ च्या कायद्यात मानसिक इजेचा स्पष्ट उल्लेख घातला.

प्रतिसाद : कौटुंबिक न्यायालयात वकिली
ताई, सगळं ‘जाणूनबुजून’वर अडतं. सवय आणि हेतू यांतली रेघ कोर्टात कशी ओढणार? शिवाय उद्या घटस्फोटाच्या प्रत्येक दाव्यात नवरा-बायको एकमेकांच्या स्क्रीन टाइमचे फोटो आणतील आणि ताब्याच्या भांडणात मूल आणखी भरडलं जाईल. हे हत्यार हातात देऊ नका.

प्रतिसाद : दोन मुलांची आई, भांडुप
माझ्या ऑर्डर व्हॉट्सॲपवर येतात. पोळ्या लाटताना एक डोळा फोनवरच असतो. चाळीतल्या दाराआड काय चालतं ते सगळ्यांना दिसतं, टॉवरमधलं कुणाला दिसत नाही. तक्रार कुणाची होईल, सांगा?

प्रतिसाद : सांगली
आमच्या जिल्ह्यात मोहित्यांचे वडगावला संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. ग्रामसभेने ठरवलं, पोलिसांनी नाही.

धागाकर्ती
भांडुपच्या ताई, तुमचा फोन म्हणजे तुमची चूल. त्याबद्दल माझं म्हणणंच नाही. वकीलसाहेब, कैद मलाही नको. पण याच बाल न्याय कायद्याखालच्या बालकल्याण समितीला आईबापांना बोलावून समुपदेशनाला पाठवता येतं, घरावर देखरेख ठेवता येते. तेवढा धाक हवाच. भोंगा चांगला, पण ज्या घराने तो ऐकायचाच नाही असं ठरवलंय, त्या घरातल्या मुलाचं काय? उद्या सकाळी तो परत माझी हनुवटी धरेल.