मदत हवी आहे: बाबांसाठी आंबेमोहराचं खात्रीचं बियाणं

नमस्कार मंडळी. मी कोथरूडला राहते. बाबा चिंचवडच्या एका कारखान्यात मॅनेजर होते. २००६ साली, मी दहावीत असताना, नोकरी सोडून ते मावळात आजोबांच्या भातशेतीवर गेले. आई आणि मी पुण्यातच राहिलो. मैत्रिणींच्या दारात नव्या गाड्या येत होत्या आणि माझे बाबा राब भाजत होते (रोपं टाकण्याआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजणं), याचा मला फार राग यायचा. कित्येक वर्षं मी त्यांच्याशी नीट बोललेसुद्धा नाही.

गेल्या आषाढात लावणीला चार दिवस त्यांच्यासोबत चिखलात उभी राहिले. भर पावसात बाबा मला कोणत्या खाचराचा बांध आधी फुटतो ते दाखवत होते. कारखान्याबद्दल ते इतकं जीव लावून बोलल्याचं मला आठवत नाही. त्यांनी काय निवडलं, ते मला तेव्हा कळलं.

ते इंद्रायणी लावतात (१९८७ साली वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेलं वाण, आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातलं). पण आजोबांचा आंबेमोहर पुन्हा लावायचं त्यांच्या मनात आहे. उतारा कमी, रोप उंच म्हणून वाऱ्यात लोळतं, हे सगळं ठाऊक असूनही.

मला ते बियाणं त्यांना न सांगता आणून द्यायचंय. भेसळ नसलेलं, मावळ-मुळशीत कोणाकडे मिळेल? दहा गुंठ्यांना किती घेऊ? रोहिणी नक्षत्रात पेरायचं तर मेच्या मध्यापर्यंत हातात हवं. आणि पॉलिश न करता भात सडून देणारी छोटी गिरणी कोणाला माहीत आहे का?