कॉफी खाली उतरत नाही? आधी रबर बघा
जुन्या व्हॅक्यूम मेकरमध्ये (एकावर एक दोन काचेची भांडी असलेलं कॉफीचं यंत्र) पाणी वर चढतं, पण आच बंद केल्यावर कॉफी वरच्या भांड्यातच अडून बसते, असं एकाने विचारलंय. पूड मैद्यासारखी बारीक नसेल, तर संशय दोन भांड्यांच्या जोडावरच्या रबरावर घ्या. खालच्या भांड्यातली वाफ थंडावून पोकळी होते, तेव्हा बाहेरची हवा कॉफीला खाली ढकलते. कडक रबरातून हवा आत शिरली की खेळ खलास. माझ्या रबराला केसाएवढी चीर होती, बोटाने वाकवल्यावर दिसली.

कापडी फिल्टरला साबण लावू नका, वास धरतो. नुसत्या पाण्यात उकळा, पाण्यातच बुडवून फ्रीजमध्ये ठेवा. कापडाऐवजी कोना (Cona) कंपनीची काचेची फिल्टर-दांडी असेल तर हा व्यापच नाही. आणि हो, खालचं भांडं बाहेरून कोरडं पुसूनच आचेवर ठेवा. तडकलं तर तशी जुनी काच मिळवताना नाकी नऊ येतात.